तीनशेवा सामना

"बुक्की मार, बाळा! झेलायचा मोह धरू नकोस!"

आईची ती हाक ब्रेंडन ट्रेगारच्या कानात सातव्या वर्षापासून बसली होती. चेंडू हातानं झेलायच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सामन्याला वाराकीलच्या मैदानाभोवती गाड्यांचं कडं पडे आणि गोल झाला की सगळे हॉर्न वाजत. बचाव करणाऱ्यासाठी कोण वाजवणार? एकटी त्याची आई, मावरीन, वाजवायची. लेकानं झेलायला उडालेल्या समोरच्याच्या बोटांवरून चेंडू बुक्कीनं उडवला की एकदाच, पों.

सतरा हंगाम तो गोलखांबांपुढे उभा राहिला. दोनदा नाक मोडलं, एकदा खांदा. आज तीनशेवा सामना, हंगामातला शेवटचा. पुढच्या वर्षी छत्तिशीतल्या माणसाला कोण घेणार? तीनशे पुरे केलेल्यांची नावं क्लबच्या फळीवर चढत, आणि तिथं बचाव करणारा एकही नव्हता.

दोन आठवड्यांपूर्वी कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलात बसला होता. डोक्याला मार म्हणजे तीन आठवडे बाहेर, असा नियम. त्यानं ते कुणाला सांगितलंच नाही.

"डोकं कसंय?" सामन्याआधी त्याच्या बोटांना पट्ट्या बांधताना क्लबच्या हेझलनं विचारलं.

"जागेवर आहे."

"होतं कधी?" ती हसली. त्यालाही हसावं लागलं.

पहिला चेंडू आभाळातून आला, तो जोडीनं, एकाचे दोन होऊन. डावा खरा, हे त्यानं सरावात ताडून ठेवलं होतं. चारांपैकी दोन डाव निभावले. तिसऱ्यात उन्हाची तिरीप डोळ्यांत आली, आणि डावा खोटा निघाला. बुक्की वाऱ्यात गेली. पाहुण्यांचा गोल, त्यांच्या गाड्या कोकलल्या.

"काय म्हाताऱ्या, माशा मारतोस?" समोरचा दात काढत म्हणाला.

पुढच्या वेळी त्यानं उजवा खरा धरला. तोही खोटा. पुन्हा गोल. मग त्यानं एक डोळा मिटून घेतला आणि आंधळ्या बाजूनं धावून येणाऱ्या गुडघ्यांखाली तसाच उभा राहिला.

तेवढ्यात हॉर्न वाजला. एकाच गाडीचा, आणि थांबेचना. पंचांना वाटलं, डाव संपल्याचा भोंगा झाला. त्यांनी खेळ थांबवला. ब्रेंडन कुंपणापलीकडच्या आईच्या गाडीकडे धावला.

"आई, हात काढ गं! लोक बघतायत."

"बघू देत. मघाशी बुक्की कशाला मारलीस? तिथं चेंडू नव्हता."

"उन्हामुळं गं."

"तुझी प्रत्येक बुक्की पाहिलीय मी. मला सांगतोस?" तिनं हॉर्नवर पुन्हा तळवा ठेवला, पण दाबला नाही.

त्यानं कुंपणाची तार घट्ट धरली. एक तार धरायला गेला, हाती दुसरीच आली.

"दोन दिसतात गं आई. दोन आठवडे झाले. आत्ता तूसुद्धा दोन दिसतेस."