कलशाखालचं कडं

खंडेनवमीला यंत्रांची पूजा म्हणून मी चेंबर आतून लखलखीत पुसलं आणि तिथेच माती खाल्ली. तेव्हा कळलं मात्र नाही.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात लेन्सवर थर चढवतात. हवा उपसलेल्या चेंबरमध्ये थर घट्ट बसवणारा आयन सोर्स असतो, त्याला किंचित अर्गॉन लागतो. हा गॅस सोर्सच्या तोंडाशी दाटून राहायला हवा आणि बाकी चेंबरमध्ये जवळजवळ नसल्यासारखा. दसऱ्यानंतर सोर्स पेटेचना. मी गॅस वाढवला, तर तो चेंबरभर पसरला आणि थर पापडासारखे सुटायला लागले. तीन दिवसांचा माल भंगारात गेला.

"सुयोग, मशीन को किसने छेडा?" सेठनी विचारलं.

मशीन बावीस वर्षं जांभूळ गावचे हरिचंद्रकाका सांभाळत होते. खंडेनवमीच्या आधीपासून ते सुट्टीवर होते. मी शिकलेला इंजिनियर, मला कारण सापडत नव्हतं आणि त्याचीच लाज वाटत होती. बोलून गेलो, "काकाच जाण्याआधी काहीतरी करून गेलेत."

काका परत आले ते गेटवरूनच थेट ऑफिसात, सेठ आणि माझ्यासमोर.

"सुयोग ने बताया, मशीन तूने छेडी. कल से मत आना, हरिचंद्र."

"सेठ, एकदा चेंबर उघडून बघू तरी द्या."

सेठ ऐकेनात. काकांनी ओळखपत्र टेबलावर ठेवलं, सवयीने ऑफिसातल्या देव्हाऱ्याला हात जोडले आणि तसेच थांबले. मग खंडेनवमीपासून तिथेच असलेला पूजेचा कलश अलगद बाजूला ठेवून त्याखालचं स्टीलचं कडं उचललं.

"ह्ये हितं कुनी आनलं? सोर्सच्या तोंडाभोवती बसवलं व्हतं मी. डबा कापून केलेलं. गॅस तिथंच आडून ऱ्हातो यानं."

कलशाला अडणी हवी होती आणि चेंबरमधला हा तुकडा मला फालतू वाटला होता.

"मी काढलं, सेठ," मी म्हणालो. "चूक माझी आहे. काकांची नाही."

सेठनी ओळखपत्र पुढे सरकवलं. काकांनी त्याला हात लावला नाही. कड्यावरचं कुंकू रुमालाने पुसून त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

"धुवून बसव. कुंकवाचा कन ऱ्हायला तर व्हॅक्यूम खराब व्हईल."

"काका, थांबा ना. मला माफ करा."

"चूक व्हते रं. पन सेठकडं माझं नाव सांगन्याआधी मला इचारायचं व्हतं. नंबर हाय ना तुझ्याकडं?"

ते गेले. नंबर होता. 'जुगाड काका' या नावाने मीच सेव्ह केला होता.