नेव्हिलचा नकार

पक्षाघाताचा झटका आला त्या दिवसापासून नेव्हिल स्टॅमर्सच्या तोंडात एकच शब्द उरला होता, आणि तो होता ‘हो’.

बाकीचे शब्द कुठे गेले नव्हते. चाळीस वर्षं हॅलरबीच्या धक्क्यावर त्याने मासे कापले होते. सुरी, बर्फ, हॅडॉक मासे, पहाटेचा भोंगा, सगळं डोक्यात जागच्या जागी होतं. पण तोंड उघडलं की जीभ त्याला न विचारता ‘हो’ म्हणून मोकळी व्हायची आणि मागोमाग मानही डोलायची. भूक लागली? हो. दुखतंय? हो. टीव्ही बंद करू? हो. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. डाव्या हाताने लिहायला गेला तर नुसत्या रेघोट्या उमटायच्या.

हॉस्पिटलात पाचवा आठवडा चालू असताना कौन्सिलच्या समाजसेवा खात्याचा कॅलम आला. बिचारा वाईट नव्हता, पण खुर्चीत बसतानाच त्याची नजर घड्याळाकडे गेली.

“नेव्हिल, चांगली बातमी आहे. मार्श व्ह्यूमध्ये खोली रिकामी झालीये. गुरुवारी दुपारी गाडी येईल. चालेल ना?”

मार्श व्ह्यू! एकोणीस वर्षांपूर्वी नेव्हिलने स्वतःच्या हाताने आपल्या आईला त्या वृद्धाश्रमात नेऊन सोडलं होतं. तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ‘थोडेच दिवस, आई, चालायला लागलीस की घरी नेतो,’ असं सांगून. दर रविवारी तो भेटायला जायचा तेव्हा ती कोटाची सगळी बटणं लावून, पर्स मांडीवर घेऊन तयार बसलेली असायची. सातव्या रविवारी ती खोलीत नव्हती. खोली धुऊन काढत होते.

नाही, असं नेव्हिलने सगळा जीव एकवटून म्हटलं.

“हो,” तोंड म्हणालं. “हो. हो. हो!”

त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. कॅलमने कागदी रुमाल पुढे केला. “झटक्यानंतर असं रडू येतं माणसाला. मनावर घेऊ नका.” आणि त्याने कागदावर ‘हो’ लिहिलं. नेव्हिलने डाव्या हाताने चहाचा कप भिरकावला. तो भिंतीवर फुटला. नर्सनेही तिच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

बायको चार वर्षांमागे गेली होती, मूलबाळ नव्हतं. अशा माणसासाठी कौन्सिलबाहेरचं कुणीतरी बोलावं असा कायदाच होता, म्हणून सोमवारी ट्रूडी ॲपलयार्ड आली. पन्नाशीची, भिजलेला रेनकोट, खांदा खाली ओढणारी भलीमोठी पिशवी. ती बरोबर त्याच्या डाव्या बाजूला, त्याला दिसेल अशी बसली.

“मी हॉस्पिटलची नाही, कौन्सिलची नाही, वकीलही नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला काय हवंय ते बैठकीत मांडायला मला बोलावलंय. मला काय वाटतं ते मांडायचं नाही, तुम्हाला वाटतं ते मांडायचं. कळतंय?”

“हो.” ह्या वेळी ते खरं होतं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्याला वाटलं की आता दार उघडणार.

तिने सावकाश विचारलं. “मार्श व्ह्यूला जायचंय?”

“हो.”

“नक्की? की दुसरं काही मनात आहे?”

“हो. हो.” तो हुंदके देऊ लागला. ट्रूडी थांबली, पेन हातात तसंच धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने दोन ओळी लिहिल्या, त्याचा हात दाबला आणि गेली.

ती गेल्यावर नेव्हिलने भिंतीकडे तोंड फिरवलं. आता कुणी यायचं उरलं नव्हतं. मंगळवारी त्याने सकाळची लापशी तोंडात घेतली नाही, दुपारचं सूप नाही. “असं काय करतोस, राजा?” वॉर्डातली सिस्टर पॉलिन म्हणाली. “दोन घास खा की. बरं नाही वाटत?”

“हो,” तो म्हणाला. तिने गोळी आणून दिली.

इकडे ट्रूडीलाही चैन नव्हतं. हो म्हणणाऱ्याचे डोळे असे नसतात, हे तिच्या मनातून जाईना. मंगळवारी ती नेव्हिलच्या गल्लीत गेली आणि शेजारचं दार वाजवलं. दार दानूताने उघडलं. ही पोलंडची बाई धक्क्यावर नेव्हिलच्याच शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं मासे कापत होती. हॉस्पिटलात ती दोनदा जाऊन आली होती, पण ‘नातेवाईक नाही’ म्हणून तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

“मार्श व्ह्यू?” दानूता ओरडलीच. “डोकं फिरलंय का तुमचं? आईला तिथे सोडल्याचं अजून बोलत असतो तो. त्या रस्त्याने बस जाते म्हणून कामाला बसने यायचा नाही, चालत यायचा!”

“तो स्वतः हो म्हणाला मला.”

“मला पण हो म्हणाला. मी विचारलं, तुझ्या कुंड्यांना पाणी घालू का, तर हो. त्याच्याकडे कुंड्याच नाहीत! मी आपली गंमत केली होती, हसवायला. तो हसलाच नाही.”

बुधवारी सकाळी ट्रूडी पुन्हा नेव्हिलच्या पलंगापाशी होती. “दोनच प्रश्न विचारते,” ती म्हणाली. “तुमचं नाव ट्रूडी आहे?”

“हो.”

“ही खिडकी घोडा आहे?”

“हो.” त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

ट्रूडीचा चेहरा उतरला. “सोमवारी मी काय लिहून गेले हो!” ती पुटपुटली. “माफ करा, नेव्हिल. विचारायची रीतच चुकली माझी.”

पिशवीतून तिने फोटो काढले. एक त्याच्या घराच्या हिरव्या दाराचा, काल काढलेला. एक मार्श व्ह्यूचा. दोन्ही चादरीवर ठेवले. “कुठे राहायचंय?”

नेव्हिलचा डावा हात पुढे निघाला. त्याने मार्श व्ह्यूचा फोटो पालथा घातला आणि तळवा हिरव्या दारावर ठेवला. तिने जागा बदलून पुन्हा विचारलं. त्याने तेच केलं. पाच वेळा विचारलं, पाचही वेळा तेच. हात गळून पडेपर्यंत तो दाखवत राहिला, कारण आता थांबलो तर पुन्हा कुणी विचारणार नाही, अशी त्याला भीती होती.

“दानूताने आईचं सांगितलं मला,” ट्रूडी म्हणाली. तेव्हा तो जो रडला, त्यावर कुणी कागदी रुमाल पुढे केला नाही. ती नुसती बसून राहिली.

गुरुवारी सकाळी बैठक झाली. डॉक्टर हेझलवुडबाई, कॅलम, सिस्टर पॉलिन आणि ट्रूडी. नेव्हिलला चाकाच्या खुर्चीतून आणलं. रात्रभर त्याचा डोळा लागला नव्हता.

“घरी जाणं त्यांच्या भल्याचं आहे की नाही, ते मी सांगत नाही,” ट्रूडी म्हणाली. “ते माझं कामही नाही. पण ते नकार देताहेत आणि तुम्ही होकार ऐकताय. बोलण्यावर जाऊ नका, फोटो दाखवून विचारा. आणि स्पीच थेरपिस्टने तपासल्याशिवाय काही ठरवू नका.”

“थेरपिस्टची प्रतीक्षायादी तीन आठवड्यांची आहे,” पॉलिन म्हणाली.

“दाखवा फोटो,” डॉक्टर म्हणाल्या.

टेबल गुळगुळीत होतं आणि उजवीकडे सरकलेलं होतं. त्या बाजूचं नेव्हिलला धड दिसायचं नाही. सगळे त्याच्या बोटांकडे बघत होते. मार्श व्ह्यूचा फोटो पालथा घालायला त्याने बोटं खाली सारली, पण कागद सटकला. त्याने घाबरून तो मुठीत पकडला आणि कागद मुठीतच अडकला.

“बघा,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. “स्वतःहून उचलला त्यांनी.”

नाही! नाही!

“हो,” नेव्हिल ओरडला. “हो! हो!”

“थकलेत ते, पुन्हा विचारा!” ट्रूडी उभी राहिली. “काल हाच फोटो त्यांनी पाच वेळा पालथा घातला.”

“काल मी इथे नव्हते, ट्रूडी. समोर दिसतं तेवढंच मी धरू शकते.”

कॅलमने कागद चाळले. त्याला ते बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं. “घरी न्हाणीघर वरच्या मजल्यावर आहे. आज खोली सोडली तर दुसरी कधी मिळेल सांगता येत नाही. आणि प्रत्येक कागदावर हो आहे. सोमवारचा तुमचाही आहे.”

नेव्हिलने ट्रूडीकडे पाहिलं. तिची मान लाल झाली होती. मग ती बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “सोमवारचा कागद चुकीचा होता, हे लिहून घ्या. त्यांचा विरोध आहे, हे लिहून घ्या. दोन आठवड्यांत थेरपिस्ट आणि पुन्हा बैठक, तेही लिहा. नाहीतर मी न्यायालयात अर्ज करायला लावीन. आता, माझ्यासमोर लिहा.”

त्यांनी लिहिलं. आणि दुपारी गाडी आली.

“थोडेच दिवस, नेव्हिल,” पॉलिनने त्याच्या पायांवर ब्लँकेट खोचत म्हटलं. “बरं वाटेल तिथे.” त्याने दाराची चौकट धरली. डाव्या हाताची बोटं सोडवायला दोन माणसं लागली. ट्रूडी बाजूलाच उभी होती. तिला त्यांना थांबवायचा अधिकार नव्हता. ती गाडीत त्याच्याशेजारी बसून गेली, एवढंच तिच्या हातात होतं.

मार्श व्ह्यूमध्ये भिंतींचा रंग बदलला होता, वास तोच होता. नेव्हिल खोलीत गेला आणि गप्प झाला. तो ‘हो’सुद्धा म्हणेना. जेवण परत जायचं. तिथली माणसं म्हणाली, रुळतोय. दोन आठवड्यांचे तीन झाले, तिनाचे पाच. थेरपिस्ट आजारी पडली, मग कॅलमची बदली झाली. ट्रूडी दर आठवड्याला यायची आणि खोटा दिलासा न देता काय झालं ते सांगायची. आज तीन फोन केले, कुणी उचलला नाही. आज तक्रार वर पाठवली. आज वकील मिळाला, खरा वकील. एकदा ती म्हणाली, “खाल्लं नाहीत तर मी जिंकेन तेव्हा घरी न्यायला कोण उरणार? मला काय वाटतं ते बोलायचं नसतं, पण हे बोलतेच.” त्या दिवशी त्याने तिच्या हातून अर्धी वाटी कस्टर्ड खाल्लं.

सातव्या आठवड्यात थेरपिस्ट आली. दोन सकाळी ती चित्रं घेऊन बसली आणि तिने आपल्या सहीने लिहिलं: ह्या माणसाला सगळं कळतं, त्याचं ‘हो’ धरू नये, त्याला घरी जायचं आहे. पुढच्या बैठकीत ठरलं, चार आठवडे घरी राहून बघावं, जमलं नाही तर परत.

बुधवारी त्याला घरी आणलं. पलंग खालच्या खोलीत लावला होता. दानूताने खिडक्या उघडून ठेवल्या होत्या, तरी ओल गेली नव्हती. किती किलो कमी झाला होता कुणास ठाऊक, उचलणाऱ्यांना वजनच जाणवलं नाही. वरच्या मजल्यावर बायकोची खोली होती. तिथे तो आता कधी जाऊ शकणार नव्हता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी दोनला यायची कौन्सिलने नेमलेली सेविका चार वाजून गेले तरी आली नाही. नेव्हिल ओल्या अंथरुणात पडून होता. शेवटी दानूताच आली आणि काही न बोलता बाही सरसावून त्याला पुसू लागली. अकरा वर्षं जिच्या शेजारी उभा राहून काम केलं, तिच्यासमोर असं उघडं पडायचं? त्याने उशीत तोंड खुपसलं. “लाजतोस कशाला?” दानूता म्हणाली. “माशांची आतडी काढताना बघितलंय तू मला.”

फोन वाजला. ट्रूडी होती. दानूताने ओल्या हाताने तो कानाला लावला.

“नाही आली ती, अजून नाही. काय करायचं? असं चाललं तर चार आठवड्यांनी म्हणतील, जमलं नाही. परत नेतील त्याला.”

पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला.

“कागद घे,” ट्रूडी म्हणाली. “किती वाजता यायची होती, आणि आत्ता किती वाजलेत, ते लिही. आणि फोन नेव्हिलच्या कानाला लाव. आधी त्यांच्याशी बोलते.”