गाऱ्हाणी पाठवणारे चाळीस जण

बाबांना जाऊन तेवीस दिवस झाले होते, आणि समोर बसलेल्या बाईंची नजर सारखी त्यांच्या कपाटाकडे जात होती.

युद्धकाळात सैनिकांसाठी निघणाऱ्या एका वर्तमानपत्राचा इतिहास त्या लिहीत होत्या. बाबा तिथे तीन वर्षं पत्रांच्या टेबलावर होते. सैनिकांनी पाठवलेली गाऱ्हाणी निवडायची, नीटनेटकी करायची, छापायला द्यायची. घरी त्यांनी त्यातलं फारसं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, "आमचा अंक वाचून झाला की बुटात जायचा. तळव्यांना ऊब देणारं दुसरं वर्तमानपत्र दाखवा मला."

"ताई, वडील तेव्हाच्या कुणाबद्दल बोलायचे का?" बाईंनी विचारलं. "छावणीच्या कचेरीबद्दल वगैरे?"

"नाही."

"कधीच नाही?"

"तुम्हाला नेमकं काय हवंय?"

त्यांनी पिशवीतून काही झेरॉक्स काढल्या. "हे अक्षर ओळखता?"

ओळखलं. शेवटच्या आठवड्यात बाबांनी औषधांच्या वेळा ज्या अक्षरात लिहून ठेवल्या होत्या, त्याच अक्षरात चाळीस नावं होती. प्रत्येकापुढे पलटणीचा क्रमांक आणि तारीख. वर लिहिलं होतं, 'गाऱ्हाणी पाठवणारे'.

"अंकात ही पत्रं टोपणनावाने यायची," बाई म्हणाल्या. "खरं नाव फक्त पत्रांच्या टेबलाला ठाऊक. तिथून ते कचेरीत जायचं, आणि कचेरी त्या माणसाला आघाडीवर पाठवायचा हुकूम काढायची. हे पलटणींचे जबाब. एकोणतीस वेळा एकच वाक्य आहे : सदर इसम हयात नाही." त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. "चहा गार मिळतो, एवढंच लिहिलं होतं हो एकाने."

कागद माझ्याकडे ठेवून त्या गेल्या. गुरुवारी पुन्हा येणार होत्या.

मी दादाला फोन केला.

"बाबांच्या कपाटात त्या अंकांची फाईल आहे ना अजून?" त्याने विचारलं.

"आहे."

"वाळवी लागली म्हणून सांग. आणि ही बाई आली कुठून? कुणी पाठवली तिला? विचारलंस तरी का?"

विचारलं नव्हतं. खरं तर मला बाईंपेक्षा बाबांचाच संशय येत होता. त्यांचं गप्प बसणं मी इतकी वर्षं स्वभाव समजत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल काढली. गाऱ्हाणी वाचली : फाटके बूट, शिळा पाव, नाकारलेली रजा. एक पान उलटलं तर मागे मृतांची नावं छापलेली होती, आणि त्यांत बाबांच्या यादीतलं बारावं नाव होतं. अंकाची तारीख पाहिली. बाबांनी तो माणूस कचेरीला कळवला, त्याच्या नऊ दिवस आधीची.

मी पट्टी घेऊन बसले. तेरावा, चौदावा, पंधरावा. प्रत्येक जण बाबांनी कळवण्याआधीच मेलेला. दुपारपर्यंत एकोणतीसच्या एकोणतीस जुळले. स्वतःच्याच वर्तमानपत्रातली मृतांची नावं उचलून बाबा कचेरीला देत होते, आणि कचेरी मेलेल्यांना आघाडीवर पाठवत होती. तेवीस-चोवीस दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं.

मग पहिली अकरा नावं लावायला घेतली. ती कुठेच सापडली नाहीत. त्यांच्या पलटणींचा जबाबही निराळा होता : आदेशानुसार रवाना केले.

ऐकून दादा हरखला. "बघ! म्हातारा पक्का होता. एकोणतिसांचं सांग, अकरांबद्दल चकार शब्द काढू नकोस. बाईंना कुठे कळलंय?"

गुरुवारी मी फाईल आणि यादी शेजारी शेजारी ठेवली. बाईंनी पाच-सहा नावं स्वतः पडताळली आणि चष्मा काढला.

"म्हणजे मी भलत्यांनाच मोजत बसले होते. ताई, हे तर अख्खं प्रकरण आहे! मेलेल्यांना पुढे करून जिवंतांना वाचवलं!" त्यांनी लिहायलाही घेतलं. पहिल्या भेटीत त्यांचा आरोप सोसवला नव्हता, आता त्यांचा उत्साह सोसवेना.

"आणि पहिले अकरा?" मी म्हणाले.

"ते अगदी सुरुवातीचे. नावांचं पुढे काय होतं, हे वडिलांना माहीत नसेल."

"पहिल्या नावानंतर अकरावं नाव सात आठवड्यांनी दिलंय. कुणाची पत्रं यायची थांबली, हे पत्रांच्या टेबलावरच्या माणसाला सात आठवडे कळत नाही?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "घरच्यांची हरकत असेल तर तेवढं जरा सौम्य..."

"भावाची असेल. त्याला मी बघून घेईन. अकरांतले परत किती आले?"

"ते शोधलं नाही मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी मेलेलेच शोधत होते."

"मग आधी ते शोधा. बाबांबद्दल त्यानंतर लिहा." मी यादीचं पहिलं पान त्यांच्यापुढे सरकवलं. "आणि जे निघेल ते मला कळवा. जे निघेल ते."