बाबांचा हलणारा हात

आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन उद्या सकाळी होतं. नंतर दिसेलच असं नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं. म्हणून तिला आजच ताईच्या लग्नाच्या शूटिंगमधले बाबा बघायचे होते, तिच्या जुन्या डीव्हीडी प्लेयरवर. ताई पाचला डिस्क घेऊन निघणार होती. चार वाजलेले आणि कोरी डिस्क उरलेली एकच. बाकीच्या दोन ताईच्या भावाने, म्हणजे आपल्या साहेबांनी, आधीच वाया घालवलेल्या! वीस वर्षं लोकांच्या लग्नांचं एडिटिंग केलं, पण घरचं काम आलं आणि गडी गांगरला.

पहिल्या डिस्कला त्याने बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला जाणाऱ्या चित्राच्या माहितीचा वेग, पार टोकाला नेला. चित्र झकास, पण दुकानातला तसलाच जुना प्लेयर दर मिनिटाला अडकायला लागला. दुसरीत बिटरेट उतरवला, तर बाबांचा कप धरलेला हात थरथरताना दिसला. फील्डचा, म्हणजे चित्राच्या सम-विषम ओळींचा, क्रम उलटा पडला की हलणारं चित्र असं थरथरतं. त्याने क्रम बदलून तुकडा काढून पाहिला. आता नाचणारी पोरं, पंखा, सगळंच थरथरलं! परत पहिल्यासारखं केलं. पोरं सरळ, पंखा सरळ, फक्त बाबांचा हात हलतोय.

"झालं का रे?" ताई दारातूनच ओरडली.

"हात हलतोय गं बाबांचा. कुठलं सेटिंग चुकतंय तेच कळत नाहीये."

"सेटिंग कसलं डोंबलाचं? हलायचाच की त्यांचा हात."

"तो दोन वर्षांनी! तुझ्या लग्नात कुठे आजारी होते?"

ताई आत येऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. त्याने मूळ टेप उघडली. कुणाचा तरी हात सारखा मध्ये येतो म्हणून त्याने कडा छाटून चित्र मोठं केलं होतं. आता पूर्ण चित्र दिसलं. बाबांच्या कोपराखाली आधाराला एक हात होता, मनगटावर आईचं घड्याळ. पाहुण्यांशी बोलताना, फोटोला उभं राहताना, सगळीकडे. आणि टेपवर त्याचाच वैतागलेला आवाज: "आई, बाजूला हो ना, फ्रेम बिघडतेय!"

"म्हणजे आईला तेव्हाच माहीत होतं," ताई हळूच म्हणाली.

"आणि मी कॅमेऱ्याला डोळा लावून बसलेलो." त्याला रडूच फुटलं.

शर्टाच्या बाहीने डोळे पुसून त्याने छाटलेली कडा परत आणली, बिटरेट मध्यावर ठेवला आणि शेवटची डिस्क आत सरकवली.

"आईचा हात राहू देणार?" ताईने विचारलं.

"हो," तो म्हणाला. "बिघडू दे फ्रेम."