एकट्या अंजूचा वर्ग

‘ब्लॉगवर अंजू नावाच्या एकाच विद्यार्थिनीचे प्रतिसाद आढळतात. उर्वरित वर्गास लाभ नाही. सबब उपक्रम बंद करावा.’ सेलूच्या शाळेची तपासणी करून विस्तार अधिकारी रूपराव यांनी अहवालाच्या मसुद्यात हे लिहिले. साल २००८, वर्ग नववा.

गणिताच्या शिक्षिका जागृती थूल यांनी मसुदा शांतपणे वाचला. प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने, त्याच्या जगण्यातले गणित मिळावे म्हणून त्या वर्षभर ब्लॉग लिहीत होत्या. तो बंद झाला की पुन्हा साऱ्या वर्गाला एकच उदाहरण, एकाच दावणीला.

“साहेब, ही अंजू विलक्षण आहे,” त्या म्हणाल्या. “सोमवारी तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, म्हणून मी तिला दुकानातली शेकडेवारी दिली. मंगळवारी ती केळझरहून बसने येऊ लागली, तेव्हा वेगाची उदाहरणं दिली. पुढे तिला मिसरूड फुटलं, आणि तिने बहिणीच्या लग्नाचा मांडव मोजून क्षेत्रफळ काढलं. प्रतिसाद आपण वाचले असतीलच.”

रूपरावांनी नावे वाचली होती. प्रतिसाद वाचण्याचा रकाना छापील नमुन्यात नव्हता.

“म्हणजे एकाच खात्यावर सगळा वर्ग?” ते वर्गात येऊन गरजले. “पासवर्ड कोणी फोडला?”

“अंजे, सांगून टाक ना,” मागून प्रफुल पुटपुटला. “साहेब काई खात नाई तुले.”

“तूच सांग ना, मिसरूडवाल्या.”

वर्ग खिदळला. अंजू मात्र उभी राहिली. खाते उघडण्याचा फॉर्म इंग्रजीत. नागपूरच्या मामाने तो तिच्यापुरता भरून दिला होता. तिने फळ्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. रोजच्या सुविचाराच्या त्या जागी कित्येक दिवस एकच ओळ होती: केळझरच्या गणपतीचे नाव, इंग्रजी अक्षरांत, सलग.

अहवालाच्या दुसऱ्या कलमात रूपरावांचीच नोंद होती: ‘फलकावर सुविचार लिहिलेला आढळला. समाधानकारक.’

रूपरावांनी एकदा फळ्याकडे पाहिले, एकदा कलमाकडे, आणि त्यांनाच हसू आवरेना. ‘बंद करावा’ खोडून त्यांनी ‘चालू ठेवावा’ लिहिले. कारण म्हणून आरोपीचा जबाब शब्दशः जोडला:

“पासवर्ड मीच लिवला, साहेब. मामा म्हणे, कोणाले सांगू नको. पण मॅडमनं सगळ्याइले वेगवेगळं गणित देल्लं अन् आत जायाचं दार एकच. मंग ते लावून मी एकटी आत बसून काय करू?”