हॉबसन वकिलांची जयंती

संग्रामचं डोकं सकाळपासून तापलं होतं. तापणारच हो! तीन शनिवार खर्ची घालून त्याने लेकीला भाषण लिहून दिलं आणि कार्टी म्हणते, "बाबा, हे खरं नाहीये."

अमेरिकेतल्या चँडलर गावच्या शाळेत पाचवीच्या मुलांनी एकेका ऐतिहासिक माणसाचा वेश करून त्याच्याच तोंडून बोलायचं होतं. नीलांबरीच्या वाट्याला आला इझ्रा हॉबसन. दीडशे वर्षांपूर्वी पश्चिमेच्या ओसाड सरहद्दीवर वकिली करणारा, पुढे राज्याचा आमदार झालेला. संग्राम खूश! पुण्याच्या शाळेत दर जयंतीला वक्तृत्वाचा कप त्यानेच मारलेला, साचा तोंडपाठ. अत्यंत गरीब घरात जन्म, मिणमिणत्या दिव्याखाली अभ्यास, मग गोरगरिबांची सेवा. नाव बदललं की झालं भाषण.

"तो मिलमालकाचा मुलगा होता," नीलांबरी इंग्रजीत म्हणाली. "आणि त्याने जो कायदा केला ना... बाबा, ऐक तरी!"

"थोर माणसाबद्दल चारचौघांत वाकडं बोलतात का गं? मला शिकवू नकोस. कप हवाय ना? मग पाठ कर!"

दोन दिवस हेच चाललं होतं. पोरीने कागद घेतले.

दुपारी ती काळा कोट घालून, मिशा चिकटवून शाळेच्या हॉलमध्ये उभी राहिली. "मी इझ्रा हॉबसन," म्हणाली आणि थांबली. झालं, विसरली! पहिल्या रांगेतून अर्धवट उठत संग्राम कुजबुजला, "माझा जन्म गरीब..." बायको, सुवर्णा, शर्ट ओढत होती, तरी त्याने पुन्हा सांगितलं, आता चांगलं हॉलभर ऐकू जाईल असं.

नीलांबरीने मिशी दाबून बसवली आणि बापाकडे बोट रोखलं.

"कोण बोलतोय हा? बसवा त्याला खाली! विधानसभेत मी कायदा केलाय. गोऱ्या माणसाविरुद्ध असल्या रंगाच्या माणसाची साक्ष कोर्टात चालणार नाही. मी त्याचं घर बळकावलं, त्याच्या भावाला मारलं, तरी त्याने तोंड उघडायचं नाही."

सगळा हॉल संग्रामकडे बघत होता. संतापाने त्याचे कान लाल झाले, पण राग पोरीवर काढता येईना. तो खाली बसला.

"दोन दिवस ती हेच सांगत होती गं," तो सुवर्णाला म्हणाला. "मीच तिला बोलू दिलं नाही."