वाढत्या अंगाचा पाय

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये ताईने सरहद्दीपलीकडच्या एका मुलीचा पाय पुरा केला, आणि त्याच दुपारी कायदा मंजूर झाल्याची बातमी आली. पलीकडचा मुलूख ज्या सशस्त्र संघटनेच्या ताब्यात होता, ती आता दहशतवादी ठरली होती. तिकडे काहीही पाठवणं गुन्हा होता.

"पाय म्हणजे काय बंदूक आहे?" ताईने विचारलं.

"पाय ज्या दवाखान्यात जायचा, तो त्यांचाच ना," वर्कशॉपचे मालक काका म्हणाले. "वकील म्हणतो, पार्सल बाहेर गेलं की तुम्ही आत. परवानगीसाठी अर्ज टाकतो. वर्ष तरी जाईल."

वर्ष! तोवर मुलगी वाढणार, आणि हा पाय तिला होणार नाही. मुलीचा बाप फोनवर म्हणाला होता, "ताई, जरा वाढत्या अंगाचा करा." तेव्हा तिला हसू आलं होतं. "अहो, तो फ्रॉक आहे का? कातडीसारखा घट्ट बसावा लागतो, नाहीतर जखमा होतात."

संध्याकाळी तिने तिकडून आलेला, मुलीच्या उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा पुन्हा टेबलावर घेतला. वर्षभरात हाड किती वाढेल, पोटरी किती भरेल, याचा अंदाज बांधून ती त्यावर नवा थर चढवू लागली.

काका मागे येऊन उभे राहिले. "अगं, अंदाजाने कधी पाय बसलाय का कुणाला?"

"नाही बसत," ताई म्हणाली, आणि प्लास्टर कालवत राहिली.